जुनी व्हॅन घेताना: विझवलेले दिवे आणि पुसलेली तेलगळती कशी ओळखायची

नागपुरात जुनी ईको किंवा ओम्नी घेतलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. गाडी पाहिली तेव्हा मीटरवर एकही दिवा नव्हता, इंजिन स्वच्छ होतं, खाली थेंब नव्हता. व्यवहार झाला, कागदपत्रं नावावर करायला दिली आणि पंधरा-वीस दिवसांत इंजिनचा पिवळा दिवा पेटला. घरासमोरच्या फरशीवर काळे डाग पडू लागले. गाडी गॅरेजला नेली. एकाने स्कॅनर लावून दिवा घालवला, दुसऱ्याने पॅकिंग बदललं. काही दिवस बरे गेले आणि मग दोन्ही तक्रारी परत.

माझ्या मते याचं मोठं कारण कामाच्या वाटणीत आहे. आपल्याकडे दिवा पेटला की गाडी इलेक्ट्रिशियनकडे जाते आणि तेल गळालं की मेकॅनिककडे. दोघंही आपापलं काम नीट करतात, पण दिवा आणि गळती पुष्कळदा एकाच बिघाडातून आलेली असते, आणि ते एकत्र कोणीच बघत नाही. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, तेल स्पार्क प्लगच्या खड्ड्यात उतरलं की इंजिन मिस मारतं, म्हणजे त्या सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाही, आणि पिवळा दिवा पेटतो. तेल अल्टरनेटरवर ठिबकत राहिलं की चार्जिंग बिघडतं आणि बॅटरीचा दिवा येतो. चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, बसवताना कोणी सिलिकॉन पेस्ट सढळ हाताने लावली असेल तर तिचे तुकडे सुटून आतल्या जाळीत अडकतात, पंपाला तेल कमी मिळतं आणि ऑइलच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकतो. गळती थांबवायला केलेल्या कामातूनच दिवा पेटतो तो असा. म्हणून पैसे मोजण्याआधी दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत तपासायच्या.

सकाळी जा आणि गाडी थंड मागा

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवा की गाडी धुऊ नका आणि मी येईपर्यंत सुरू करू नका. थंड इंजिन सुरू होताना जे कळतं ते गरम इंजिन लपवतं: सुरुवातीचा निळा धूर, टॅपेटचा आवाज, लाल दिवा विझायला लागलेला वेळ. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी गेलात तर उन्हात उभी असलेली प्रत्येकच गाडी हाताला गरम लागते. सकाळी सातला जा. ईको आणि ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे समोर बॉनेटवर हात ठेवून काही कळत नाही. सीट उचलायला लावा आणि इंजिनजवळ हात नेऊन बघा. कोमट लागलं तर कोणीतरी आधीच फिरवून आणली आहे. तसं असेल तर दुसऱ्या दिवशी यायची तयारी ठेवा.

सीट उचलल्यावर इंजिन चकचकीत दिसलं तर आनंद मानू नका. पाच-सात वर्षं चाललेल्या व्हॅनच्या इंजिनवर धूळ बसलेली असणारच, आणि धुळीवरच गळतीची वाट दिसते. धुतलेल्या इंजिनवर काहीच दिसत नाही. असं इंजिन बघायचं असेल तर तासभर चालवून, मग थांबवून बघावं लागतं. विकणारा म्हणेल, "भाऊ, तुमच्यासाठीच धुतली ना, घाण गाडी कशी दाखवायची?" त्याच्या मनात खोट असेलच असं नाही, पण तपासणीचा वेळ तेवढा वाढला हे नक्की.

चावी फिरवा, सेल मारू नका

सगळ्या तपासणीतला हा मिनिटभराचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि लोक नेमका तोच सोडून देतात. सगळ्यांचं लक्ष कोणता दिवा पेटलेला आहे याकडे असतं. बघायचं असतं ते कोणता दिवा पेटायला हवा होता आणि पेटला नाही.

चावी ऑनवर आणा आणि इंजिन सुरू न करता थांबा. आता इंजिनचा पिवळा दिवा, ऑइलच्या किटलीचा लाल दिवा, बॅटरीचा दिवा हे तिन्ही पेटलेले दिसले पाहिजेत. हँडब्रेक ओढलेला असेल तर त्याचाही. गाडीत एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग असतील तर त्यांचेही दिवे पेटतील. प्रवासी गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, तेव्हा त्यानंतरच्या प्रवासी व्हॅनमध्ये हे दिवे हवेतच. एखादा दिवा पेटलाच नाही तर त्याचा बल्ब उडालेला किंवा काढलेला आहे, त्यावर मागून पट्टी लावलेली आहे किंवा वायर कापलेली आहे. पेटलेल्या दिव्यापेक्षा हे वाईट, कारण पेटलेला दिवा निदान खरं सांगतो.

अजून सेल मारू नका. एबीएसचा आणि एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत आपोआप विझला पाहिजे, इंजिन बंद असतानाच. किटलीचा आणि बॅटरीचा दिवा मात्र इंजिन सुरू होईपर्यंत पेटलेलाच राहतो, कारण तेलाचा दाब आणि चार्जिंग इंजिन फिरल्याशिवाय तयार होत नाही. हा फरक डोळ्यात तेल घालून बघा. एअरबॅगचा दिवा किटलीच्या दिव्यासोबत पेटून राहिला आणि इंजिन सुरू होताच दोन्ही एका क्षणी विझले, तर एअरबॅगच्या दिव्याची वायर किटलीच्या वायरला जोडली आहे असं धरून चाला. एअरबॅग उडून गेलेल्या, पुन्हा न बसवलेल्या अपघातातल्या गाडीत ही जोडणी सापडते. मग पुढे काही तपासायची गरज नाही, तिथून निघा.

आता सेल मारा. किटलीचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. थंडीत एखादा सेकंद जास्त समजू शकतो, पण आपल्याकडे थंडी तरी किती असते?

किटलीच्या दिव्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तो तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. तेल फारच कमी झालं तर दाब पडून दिवा पेटतो हे खरं, पण तेल मोजायच्या पट्टीवर तेल पुरेसं असतानाही पंप झिजला, बेअरिंग झिजली किंवा जाळी तुंबली तर तो पेटतो. म्हणून "लिटरभर तेल टाका, जाईल दिवा" हा सल्ला पट्टी बघितल्याशिवाय मानू नका. चालत्या गाडीत हा दिवा पेटला तर जिथे असाल तिथे बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. पिवळ्या दिव्यावर घर गाठता येतं, या लाल दिव्यावर नाही. पिवळा दिवा पेटून न राहता लुकलुकत असेल तर मात्र तोही गंभीर समजा. इंजिन जोरात मिस मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतंय, असा त्याचा अर्थ असतो.

स्कॅनर: कोडपेक्षा पुसल्याची खूण महत्त्वाची

बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे बिघाड स्वतः पकडून कोड नोंदवणारी यंत्रणा, आली. अशा व्हॅनला स्टीअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. मोबाइलला ब्लूटूथने जोडता येणारा छोटा स्कॅनर हजाराच्या आत मिळतो आणि एकदा घेतला की नातेवाइकांत वर्षानुवर्षं फिरतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या ओम्नीला हे काही लागू नाही, तिथे कान आणि नाक.

लोक स्कॅनर लावतात, "कोड नाही" वाचतात आणि समाधानाने काढून घेतात. सकाळी कोणी कोड पुसला असेल तर दुपारी "कोड नाही" असंच दिसणार. त्याऐवजी दोन गोष्टी बघा. एक म्हणजे कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. बहुतेक गाड्या हा आकडा देतात. दुसरी म्हणजे गाडीच्या स्वतःच्या चाचण्या, ज्यांना ॲपमध्ये मॉनिटर किंवा रेडिनेस म्हणतात. कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की या चाचण्या "अपूर्ण" होतात आणि वेगवेगळ्या वेगाने बऱ्यापैकी अंतर चालवल्यावरच हळूहळू "पूर्ण" होतात. रोज चालणाऱ्या गाडीच्या सगळ्या चाचण्या अपूर्ण दिसल्या तर कोणीतरी पाटी कोरी केली आहे. टेपवरचं घड्याळ चुकीची वेळ दाखवत असेल तर बॅटरी नुकतीच काढली होती का, हेही विचारा.

माझ्या मामेभावाला केटरिंगच्या कामासाठी व्हॅन हवी होती, तेव्हा कामठी रोडला एक पेट्रोल व्हॅन बघायला त्याच्यासोबत गेलो होतो. दिवे सगळे शहाण्यासारखे पेटले आणि विझले. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "दादा, या गाडीचा दिवा मी आजपर्यंत पेटलेला पाहिलाच नाही." स्कॅनरवर कोड नव्हता, पण पुसल्यापासूनचं अंतर दाखवत होतं ९ किलोमीटर. मी त्याच्याशी वाद घातला नाही. म्हटलं, पेट्रोल आमचं, बुटीबोरीपर्यंत जाऊन येऊ, तुम्हीही सोबत चला. तो तयार झाला.

वर्धा रोडने जाताना गाडी छान पळाली. बुटीबोरीला चहाला थांबलो, इंजिन बंद केलं, परत सुरू करताना पुन्हा स्कॅनर लावला. दिवा पेटला नव्हता, पण "प्रलंबित" या यादीत पी०३०२ आला होता, म्हणजे दुसरा सिलिंडर मिस. बरेचसे बिघाड गाडी एकदा पकडते आणि नुसती नोंद ठेवते. पुढच्या फेरीत तोच बिघाड पुन्हा दिसला तरच दिवा पेटवते. म्हणून मध्ये थांबून, इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याला अर्थ आहे. परतताना जामठ्याच्या अलीकडे पिवळा दिवा पेटला.

परत आल्यावर सीट उचलून दुसऱ्या प्लगवरचं रबरी बूट ओढून काढलं. त्याचं टोक काळ्या तेलात बुडून फुगलेलं होतं आणि टॉर्चच्या उजेडात खड्ड्याच्या तळाशी तेलाचं डबकं चमकत होतं. वरून इंजिन कोरडंठाक, कारण तेल बाहेर येत नव्हतं, आत साचत होतं. विकणाऱ्याने यापूर्वी प्लग आणि कॉइल बदलली होती, त्याची बिलंही दाखवली. म्हणजे त्याने खर्च टाळला नव्हता. इलेक्ट्रिशियनने दिव्यामागे धावून विजेचे भाग बदलले, आणि तेल कुठून आलं हे बघायचं राहून गेलं. प्लगच्या नळीची सीलं बहुधा टॅपेट कव्हरच्या पॅकिंग सेटमध्येच येतात. ती कडक होऊन तडकली होती. पण ती का तडकली, हा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ब्रीदरमध्ये निघालं.

तेल बाहेर कोण ढकलतंय?

पिस्टन आणि रिंगच्या फटीतून थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनमध्येही. तो परत इनटेकमध्ये ओढून जाळण्यासाठी एक नळी आणि एक छोटा व्हॉल्व्ह असतो. मेकॅनिक त्याला ब्रीदर किंवा पीसीव्ही म्हणतात. तो काजळीने तुंबला की वायूला वाट राहत नाही. आतला दाब वाढतो आणि तेल जिथे वाट मिळेल तिथून निघतं: टॅपेट कव्हर, क्रँक सील (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या टोकाचं सील), पट्टीची नळी. अशा गाडीचं पॅकिंग तुम्ही दहा वेळा बदला, दहा वेळा फुटेल. नागपूरच्या उन्हात सीटखालच्या कोंदट जागेतलं रबर तसंही लवकर कडक होतं. त्यात हा दाब आला की सील टिकत नाही.

तपासायला सोपं आहे. इंजिन गरम असताना, जागेवर चालू ठेवून, तेल भरायचं झाकण उघडा. हलकासा श्वास लागला तर ठीक. झाकण उघडताच इंजिनचा आवाज थोडा बदलला, ते अडखळलं, तर उलट बरं, म्हणजे ब्रीदर ओढतोय. पण झाकण नुसतं ठेवलं तर नाचतंय, तोंडातून धपधप धूर येतोय, पट्टी आपोआप वर सरकतेय, अशी चिन्हं दिसली तर आपले मेकॅनिक म्हणतात तसं "बॅक कॉम्प्रेशन मारून राहिली". मग दोन शक्यता उरतात. ब्रीदर तुंबला असेल तर काही शे रुपयांचा व्हॉल्व्ह आणि नळी बदलून काम होतं. रिंगा झिजल्या असतील तर इंजिन उघडावं लागतं. दोन्हींत फरक कसा करायचा? ब्रीदरची नळी काढून फुंकून बघा, व्हॉल्व्ह हलवून आत खुळखुळतो का बघा, तो साफ करून चाचणी पुन्हा घ्या. साफ ब्रीदरवरही तसाच धूर येत असेल तर रिंगा.

झाकणाच्या आत बोट फिरवून बघा. पांढरट, ताकासारखा थर असेल तर पाणी तेलात मिसळतंय. थंडीत, थोड्या थोड्या अंतरावर चालणाऱ्या गाडीत दमट हवेनेही असा थर धरतो. पण एप्रिल-मे मध्ये नागपुरात कोणी तुम्हाला "हवेचा ओलावा आहे" असं सांगितलं तर मानू नका. हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि रेडिएटरच्या बाटलीत तेलाचा तवंग आहे का बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

डाग कशाचा आहे आणि कुठून आला

गाडी रात्रभर जिथे उभी होती ती जागा आधी बघा, मग गाडी. त्या जागी ताजी वाळू टाकलेली किंवा फरशी नुकतीच धुतलेली असेल तर कारण विचारा. शक्य असेल तर फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा नेऊन गाडीखाली पसरा, गाडी फिरवून आणल्यावर तासभर उभी ठेवा आणि तोवर गाडीची कागदपत्रं बघत बसा. पुठ्ठ्यावर पुढचं-मागचं चाक पेनाने लिहून ठेवलं की थेंब कुठला ते नंतर कळतं.

थेंब बोटावर घ्या. काळपट, चिकट आणि पेट्रोलचा जळका वास असलं तर इंजिन ऑइल. जाड आणि नाकात बसणारा गंधकासारखा उग्र वास असला तर गिअरबॉक्सचं किंवा मागच्या हाउसिंगचं, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या डिफरेन्शियलचं. पातळ, फिकट, गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उडवणारं असेल तर ब्रेक ऑइल. हिरवट किंवा गुलाबी, गोडसर वासाचं असेल तर कूलंट. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, त्याची काळजी नको.

इंजिन ऑइलची जागा शोधताना एक नियम लक्षात ठेवा: तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे जातं. म्हणून थेंब जिथे पडला तिथे नाही, तर ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा शोधायची. चेंबरवरून थेंब पडताना दिसला की मेकॅनिक चेंबर पॅकिंगचं काम काढतो, आणि तेल मात्र टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ओघळत चेंबरपर्यंत आलेलं असतं. गळती "परत" आली असं आपल्याला वाटतं ते यामुळेही. खात्री नसेल तर संशयाची जागा पेट्रोलने पुसून कोरडी करा, त्यावर घरातली टाल्कम पावडर फुंका, वीस मिनिटं गाडी चालवा. पांढऱ्या पावडरवर तेलाची पहिली रेघ जिथून निघते तेच मूळ.

जागेप्रमाणे खर्च फार बदलतो. टॅपेट कव्हर, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल प्रेशरचा स्विच ही किरकोळ कामं. पुढचं क्रँक सील आणि कॅम सील जरा मोठं काम, आणि तिथे आणखी एक धोका आहे. जुन्या १.२ लिटरच्या ईकोत आणि ओम्नीत टायमिंग बेल्ट असतो, त्यावर तेल आलं की बेल्ट फुगतो आणि तुटतो. सील बदलणार असाल तर बेल्ट आणि टेन्शनरही त्याच वेळी बदला, मजुरी एकच लागते. मागचं क्रँक सील स्वतः स्वस्त, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून, बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब पडत असेल तर तेच. तेल क्लच प्लेटवर गेलं असेल तर चढावर क्लच घसरतो, म्हणून क्लचचा खर्चही धरून भाव पाडा.

मागे जाऊन हाउसिंगचं पिनियन सील आणि दोन्ही मागच्या चाकांची आतली बाजू बघायला विसरू नका. चाकाच्या आत तेलाचे ओघळ असतील तर ॲक्सल सील फुटून तेल ब्रेक लायनरवर गेलेलं आहे, किंवा व्हील सिलिंडर पाझरतोय. मीटरवर हँडब्रेक खाली करूनही ब्रेकचा लाल दिवा जात नसेल तर बाटलीतलं ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं, आणि ते गेलं कुठे याचं उत्तर बहुधा याच चाकात सापडतं. शाळेच्या पोरांची ने-आण करणारी गाडी असेल तर यावर कसलीही तडजोड नको.

चाचणी कुठे घ्यायची

विकणारा कॉलनीत एक चक्कर मारून आणतो. तेवढ्याने काही कळत नाही. माझा ठरलेला मार्ग असा: आधी हायवेवर मोकळं पळवायचं, मग सेमिनरी हिल्सचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये घ्यायचा, आणि शेवटी बर्डीच्या (सीताबर्डीच्या) गर्दीत आणून दहा मिनिटं सिग्नल-सिग्नल करायचं. चढावर क्लच आणि धूर कळतो. पण खरी परीक्षा बर्डीत होते. इंजिन पूर्ण तापलेलं, तेल पातळ झालेलं आणि वेग सगळ्यांत कमी. किटलीचा दिवा लुकलुकायचा असेल तर तो इथे लुकलुकतो. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की विझतो, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. तो स्विच खराब असल्याने पेटतोय की खरंच दाब नाही, हे स्विचच्या जागी दाबाचा काटा लावून पाच मिनिटांत कळतं. काटा लावल्याशिवाय "सेन्सर खराब आहे" हे वाक्य स्वीकारू नका. काही जण दिवा, धूर आणि खडखड दाबायला मुद्दाम जाड तेल भरून गाडी दाखवतात. पट्टीवरून तेल शिऱ्यासारखं सावकाश उतरत असेल आणि डब्याचं नाव कोणाला सांगता येत नसेल तर तेल बदलून पुन्हा चालवायची अट घाला.

गॅस किट असेल तर पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालवा. बाहेरून बसवलेल्या किटचं जुळवण नीट नसेल तर मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१ येत राहतो आणि दिवा कितीही वेळा पुसला तरी परत येतो. तिथे ऑक्सिजन सेन्सर बदलून उपयोग नाही, किट बसवणाऱ्याकडे नेऊन जुळवून घ्यायचं. किटची नोंद आरसीवर आहे का आणि सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, हेही तिथेच बघा. डिझेलची विंगर किंवा ट्रॅव्हलर घेत असाल तर टर्बोच्या नळ्यांमधलं तेल आणि बीएस-६ गाडीत डीपीएफचा (धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरचा) दिवा, या दोन गोष्टी वाढवा.

पुराच्या पाण्यातली गाडी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा पाऊस नागपूरकर विसरलेले नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि घरांसमोर उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येणं साहजिक आहे. अशा गाडीत दिवे आळीपाळीने पेटतात, आज एबीएस, उद्या बॅटरी, कारण कनेक्टरच्या पिना आतून हिरव्या पडलेल्या असतात. एकेक सेन्सर बदलत बसलात तर पैसे संपतील, दिवे संपणार नाहीत. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ आहे का बघा, सीटच्या रुळांचा गंज बघा, पायाखालची मॅट उचलून वास घ्या. त्या तारखेनंतर विम्याचा मोठा दावा झाला होता का, हे विमा कागदांवरून विचारा. अशी गाडी निघाली तर कितीही स्वस्त असली तरी मी घेऊ नका म्हणेन.

घेतल्यावर दिवा आणि तेल परत आलं तर

मामेभावाने ती व्हॅन भाव कमी करून घेतली. पॅकिंग सेट, ब्रीदरचा व्हॉल्व्ह आणि नळी एकाच दिवशी बदलून घेतली, प्लगचे खड्डे कोरडे केले, आणि त्यानंतरच कोड पुसला. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी कोड लिहून ठेवायचा, मग मूळ दुरुस्त करायचं, कोड सगळ्यांत शेवटी पुसायचा.

क्रँक सील बदलूनही पाझर राहिला तर जुन्या सीलने शाफ्टवर रेघ पाडली आहे का बघायला सांगा. नखाला रेघ लागत असेल तर नवं सील त्याच जागी बसवून उपयोग नाही, ते थोडं आत-बाहेर सरकवून ताज्या पृष्ठभागावर बसवावं लागतं. टॅपेट कव्हरचे बोल्ट गळती थांबेना म्हणून जास्त आवळले असतील तर कव्हर वाकतं आणि नवं पॅकिंगही बसत नाही. पॅकिंगवर वरून सिलिकॉन थापू देऊ नका. कंपनीने जिथे सांगितलं आहे तिथे पातळ रेघ, बाकी कोरडं.

दर रविवारी सकाळी, सपाट जागेवर, थंड इंजिनची पट्टी बघा आणि मीटरचा आकडा टाकून वहीत लिहा. बाहेर कुठेही ओल नाही, ब्रीदर साफ आहे आणि तरी हजार किलोमीटरला लिटरभर तेल कमी होत असेल तर पॅकिंगवर आणखी पैसे घालू नका, कॉम्प्रेशन तपासून घ्या. एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा बराच खाली आला तर त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वर आला तर रिंगा गेल्या आहेत, आला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.